चिमाजीचा पिंपळ

"हे कसलं झाड रे, चिमाजी?" बांधकामावरच्या आनंदराव ओव्हरशेरांनी छत्रीचं टोक खोडाला टेकवून विचारलं.

चिमाजीच्या हातातला खराटा थांबला. भोरच्या दरबारी बंगल्याची ही बाग त्यानं मिसरूड फुटल्यापासून झाडली होती. आता वरून हुकूम आला होता, की फाटकापासून पायरीपर्यंत सरळ वाट आखायची आणि दोन्ही अंगांनी सुरूची रोपं लावायची. दोरी ताणली, खुंट्या ठोकल्या, आणि दोरी नेमकी या झाडाच्या पोटात येऊन अडकली. कुऱ्हाडवाला बाजूला तंबाखू मळत उभाच होता.

झाड होतं भेंडीचं. भाजीतली भेंडी नव्हे, कोकणात खाडीच्या काठाला उभी असते ती. घाटावर तिला कोण लावतंय? पण पान बघाल तर थेट पिंपळासारखं, आणि त्या दिवसांत झाडावर फूलही नव्हतं.

"पिंपळ हाय, सरकार," चिमाजी म्हणाला.

तसा तो काही हरिश्चंद्र नव्हता. बिडी सोडली म्हणून बायकोला रोज सांगायचा. पण साहेबाच्या तोंडावर खोटं बोलायची ही पहिलीच वेळ. कुऱ्हाडवाल्यानं तंबाखू गालात धरली, कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि चालू लागला. पिंपळावर घाव घालून घरावर नांगर कोण फिरवून घेणार? आनंदरावही देवधर्माचे. त्यांनी एक पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि खुंट्या काढायला लावल्या. सरळ वाटेला तिथं वळसा पडला. जाताना मात्र सांगून गेले, की पिंपळ म्हणून ठेवतोय, दुसरं काही निघालं तर झाड जाईल आणि पाठोपाठ तूही.

झाड अंबूबाईनं आणलं होतं. चिमाजीची बायको ती, महाडखालच्या खाडीकाठची. आई वारल्यावर दिवसकार्य उरकून परत निघाली, तेव्हा वरंध्याचा घाट चढायला आधार म्हणून भेंडीचा एक दांडका तोडून हातात धरला. इथं पोचल्यावर हौदाच्या सांडपाण्यात तो खोचला आणि विसरली. पुढं त्याला डोळे फुटले. माहेर संपलं होतं, राहिलं ते एवढंच. दुपारी काम आटपलं, की ती पानाची गुंडाळी करून पिपाणी वाजवायची. चांगली थोराड बाई, आणि पिपाणी वाजवतेय. पाणी भरणारी म्हातारी ठकुबाई लांबून ओरडायची, "चिमाजी, तुजी कोकनी म्हस वरडतीया बग." मग अंबू हसून आणखी जोरात फुंकायची. असल्या धडधाकट बाईला पटकीच्या साथीनं एका दिवसात नेलं.

झाड वाचलं खरं, पण चिमाजीच्या मागं दुसरंच लचांड लागलं. भेंडीला फुलं येतात. सकाळी पिवळीधमक, दिवस कलला की तांबडी. अंबू म्हणायची, झाड नव्या नवरीवानी लुगडं बदलतंय. आता पिंपळाला पिवळं फूल कुणी पाहिलंय? आणि साहेबांची फेरी तर रोज सकाळची. म्हणून उजाडायच्या आत चिमाजी लांब काठीची आकडी घेऊन यायचा. उमललेली फुलं पाडायचा, उमलणाऱ्या कळ्या पाडायचा, सगळं गोळा करून पाचोळ्याच्या खड्ड्यात लोटायचा, वर माती ओढायचा. आकडी चालवताना वर बघायचा, पण खड्ड्याकडं बघायचा नाही. झाड राखायचं तर हे आलंच.

अशात हिवतापानं त्याला धरलं. खोपटात घोंगडीखाली दात वाजत होते, आणि डोळ्यांपुढं पिवळी फुलं लगडलेलं झाड, त्याखाली आनंदराव. उठायचा आणि दारातच कोसळायचा. अखेर एका सकाळी भिंत धरून, मग कुंपण धरून, तो हौदापाशी येऊन पोचला.

झाडावर एक फूल नव्हतं. खालची जमीन झाडलेली. बुंध्याला पांढरं सूत गुंडाळलेलं, वर हळदीकुंकवाची बोटं. आणि ठकुबाई आकडी टेकून उभी, लुगड्याचा ओचा फुलांनी भरलेला.

"पडून ऱ्हायचं सोडून उटलास कशाला?" ती म्हणाली.

चिमाजीनं सुताला हात लावला. "मावशी, ह्ये..."

"पिंपळाला फूल येत न्हाई, येवढं आमास्नी बी कळतंय, बाबा. पयल्या दिसापासनं कळतंय. आन् तू नुसता पिंपळ म्हनून मोकळा झालास. सूत नगं? कुक्कू नगं? सायेब काय आंदळा हाय व्हय?"

तेवढ्यात वळशावर वहाणा वाजल्या. ठकुबाईनं ओचा घट्ट आवळला. आनंदराव आले, सूत पाहिलं, वहाणा काढून उभ्याउभ्या हात जोडले, चिमाजीला ताप उतरला का विचारलं आणि पुढं गेले.

ते दिसेनासे झाले तशी ठकुबाई खाली बसली. हाताशी आलेलं एक पान तिनं तोडलं, गुंडाळलं, फुंकलं. नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं.

"कशी वाजवायची रं ती?"

चिमाजीनं तिच्या हातातून पान घेतलं. ते उलगडलं, दुसऱ्या बाजूनं गुंडाळलं, टोक दातानं जरा चेपलं आणि ओठाला लावलं. वाजवलं नाही. तसंच धरून बसला.

 ओच्यातली फुलं सावरत ठकुबाई उठली आणि खड्ड्याकडं न जाता, ती घागरीतल्या पाण्यावर सोडायला वळली.