तिसरी चिठ्ठी

"आणि तिसरी?" मियोनं विचारलं.

मतदानाच्या गाडीत बसलेल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन चिठ्ठ्या तिनं पेटीत टाकल्या होत्या, एक उमेदवाराची आणि एक पक्षाची. तरी ती हात पुढे करून तिथंच उभी, आणि तिच्या मागे समाजमंदिराच्या अंगणात, गुडघाभर बर्फात, आमची अख्खी वाडी कुडकुडत रांगेत.

"झालं की, कोसुगे-सान," नगरपालिकेचा त्सुचिदा म्हणाला. "उतरताना पायरी सांभाळा, निसरडी झालीय."

"न्यायाधीशांची चिठ्ठी राहिली."

"ती आज नाही मिळायची. ती रविवारपासून."

"मग रविवारी गाडी परत येणार का?"

त्सुचिदानं मान खाली घातली. "गाडी आजच. रविवारपासून खाली गावात, नगरपालिकेत यावं लागेल."

मागून तोकि-सान ओरडली, "अगं मियो, हल की! पाय गोठले माझे. त्या चिठ्ठीचं काय लोणचं घालायचंय? मी तर दरवेळी कोरीच टाकते."

"कोरी टाकतेस म्हणजे हो म्हणतेस तू," मियो वळून म्हणाली. "कोरी म्हणजे पसंत. नको असेल त्याच्या नावावर फुली मारायची असते."

"मला काय करायचंय! टोकियोतल्या त्या म्हाताऱ्यांना मी ओळखते थोडीच."

रांगेतले सगळे हसले. मीही हसलो असतो, पण मियोचं तोंड पाहिलं.

मी या वाडीचा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर कुणाच्या छपरावरचा बर्फ कुणाच्या दारात पडला याची भांडणं सोडवायची. वाडीत शाळा होती तेव्हा मतदान शाळेतच व्हायचं. मी साक्षीदार म्हणून तिथं दिवसभर खुर्चीत बसायचो, आणि दुपारी मियो शाळेच्या स्वयंपाकघरातून आम्हाला मिसोचं गरम सूप पाठवायची. ती शाळेची स्वयंपाकीण, उभा जन्म तिथंच गेला तिचा. मुलं संपली, शाळा बंद झाली, शाळेबरोबर मतदान केंद्रही गेलं. मग नगरपालिकेनं ही गाडी काढली. मतदानाच्या मुख्य दिवसाच्या आधीच ती डोंगरातल्या वाड्यावाड्यांतून फिरते, प्रत्येकीत घटकाभर थांबते. आम्ही तेवढ्यावर खूश होतो.

या खेपेला निवडणूक अचानक लागली, तीही ऐन बर्फात. खासदारांच्या चिठ्ठ्या वेळेत तयार झाल्या. सगळ्यात वरच्या कोर्टाचे न्यायाधीश ठेवायचे की काढायचे, हे विचारणाऱ्या चिठ्ठ्या व्हायला वेळ लागला, आणि त्यांचं मतदान सुरू होण्याआधीच गाडीचा आमच्याकडचा फेरा संपला. वाडीत कुणाला काही वाटलं नाही. त्या चिठ्ठीनं आजवर एकाही न्यायाधीशाला घरी बसवलेलं नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मियोलाही ठाऊक होतं.

संध्याकाळी मी तिच्याकडे गेलो. शेगडीवर किटली उकळत होती आणि समोर वर्तमानपत्राचं पान पसरलेलं. सहा न्यायाधीशांचे फोटो होते त्यावर.

"हा," तिनं एकावर बोट ठेवलं. "चिठ्ठीवर उजवीकडून चौथा येणार. बघितलंस का काय लिहिलंय? आवड, डोंगर चढणं आणि स्वयंपाक. कुणासाठी करतो कोण जाणे."

तो चेहरा मी पहिल्यांदाच पाहत होतो. चारचौघांसारखा साधा चेहरा, किंचित हसरा.

तिचा मुलगा शुहेइ शहरातल्या एका कंपनीत गोठवलेल्या मासळीचा ट्रक चालवायचा. रात्रीच्या फेऱ्या, सुट्टी नावालाही नाही. एका सकाळी रस्त्याकडेच्या थांब्यावर तो ट्रकमध्येच सापडला. इंजिन चालू होतं. कंपनी म्हणाली हृदय जन्मापासून कमजोर होतं, सरकारी कचेरी म्हणाली तेच. मियोला एवढंच म्हणवून घ्यायचं होतं की कामानं मेला माझा पोरगा. खालच्या कोर्टानं तसं म्हटलं. त्या दिवशी तिनं सगळ्या वाडीला आनंदाच्या प्रसंगी करतात तो लाल भात खाऊ घातला आणि स्वतः मात्र घास तोंडाला लावला नाही. त्याच्या वरच्या कोर्टानं ते फिरवलं. मग सगळ्यात वरच्या कोर्टाकडून दोन ओळींचं उत्तर आलं. अपील ऐकून घेणार नाही, ऐकायला कारण दिसत नाही. खाली पाच नावं.

"त्यातल्या चौघांची पाळी मागेच होऊन गेली," मियो म्हणाली. "माझा निकाल लागायच्या आधीच. हा एकटा उरला. नेमणुकीनंतर एकदाच नाव येतं रे चिठ्ठीवर. परत यायच्या आत माणूस निवृत्त होतो."

"मतदानाच्या मुख्य दिवशी जाऊ की खाली. मी नेतो."

"सोमवारी मला दवाखान्यात भरती व्हायचंय, कुनिओ. पोटाचं ऑपरेशन."

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पाठीत दुखतं, एवढंच ती सांगायची.

"दवाखान्यातही देता येतं म्हणतात मत," मी चाचरत म्हणालो.

"येतं म्हणे. पोट फाडून पडल्यावर पेन्सिल धरता येते का, ते नाही सांगत कुणी." ती हसली. "बाबा रे, मला त्याला काढायचा नाहीये. काढणारी मी कोण! त्याच्या नावावर माझ्या हातानं एक फुली पडली पाहिजे, बस्स. कुणीतरी नाही म्हटलं, एवढं त्या पेटीत जाऊ दे."

दुसऱ्या दिवशी मी नगरपालिकेला फोन लावला. त्सुचिदाच होता.

"एक फेरी जास्तीची मारा," मी म्हणालो. "डोंगरातले लोक काय अर्धेच मतदार आहेत का? गावात राहणाऱ्याला तिन्ही चिठ्ठ्या आणि आम्हाला दोन?"

"ओनुमा-सान, माझ्या हातात असतं तर मी स्वतः घेऊन आलो असतो हो. गाडी एक, वाड्या इतक्या. वेळापत्रक जाहीर झालंय. शिवाय, रागावू नका, पण तक्रार फक्त तुमच्याकडूनच आली."

"म्हणून ती खोटी?"

"नाही, नाही. अगदी योग्य मुद्दा आहे. पुढच्या निवडणुकीला नक्की विचार करू."

"पुढच्या निवडणुकीला तो नसणार चिठ्ठीवर!"

"कोण?" त्सुचिदानं विचारलं.

मी फोन ठेवला. त्या पोरावर ओरडून काय उपयोग? तो बिचारा सरळ माणूस. उत्तरं कुठूनतरी वरून येतात, ती तो पुढे देतो.

उरला रविवार. रविवारी बस नसते. सकाळी उठून पाहतो तर रात्रभर पडून पडून बर्फानं माझा छोटा ट्रक पार गडप केलेला. फावड्यानं तो उकरून काढला. बर्फ हटवणारं यंत्र दुपारी वर आलं, त्याच्या मागोमाग आम्ही निघालो. मियो ठेवणीतला काळा कोट घालून आली होती, शुहेइच्या अंत्यविधीला घातलेला. गुडघ्यांवर वर्तमानपत्राची घडी.

"चष्मा?" मी विचारलं.

"राहिला वाटतं. राहू दे. त्याची जागा पाठ आहे मला."

उतारावर ट्रक दोनदा घसरला. दुसऱ्यांदा तर दरीच्या कठड्याला चाटून थांबला. ही बाई शेजारी शांत बसलेली.

"मेलो असतो आत्ता," मी म्हणालो.

"मत देऊन मर. आधी नको."

नगरपालिकेत त्सुचिदा आम्हाला पाहून उठूनच उभा राहिला. बाहेर बर्फाचं काय चाललंय ते त्याला खिडकीतून दिसत होतं. "फक्त न्यायाधीशांचीच?" त्यानं विचारलं, आणि मग एकदम वाकून मियोला नमस्कार केला. साक्षीदारांच्या खुर्च्यांत दोन म्हातारे पेंगत होते. एके काळी मीही असाच पेंगायचो.

मला माझी चिठ्ठी मिळाली, तिला तिची. मी उजवीकडून चौथ्या नावाच्या रकान्यात फुली मारली आणि बाहेर आलो. मियो बराच वेळ आडोशामागे होती. ती काय लिहितेय ते मला दिसत नव्हतं, पण तिची पाठ दिसत होती. शाळेत मुलांची ताटं वाढताना वाकायची, तशीच वाकली होती. मग तिनं चिठ्ठीची घडी घातली, पेटीपाशी आली, टाकली, आणि पेटीला नमस्कार केला. पेटीला नमस्कार करणारं माणूस मी माझ्या सगळ्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

ट्रकमध्ये बसल्यावर ती बोलायलाच लागली. कितीतरी वर्षांनी असं भडाभडा बोलताना ऐकलं तिला. शुहेइला गाजर आवडायचं नाही, म्हणून ती त्याच्या ताटात ते किसून कसं लपवायची, ते सांगितलं. भूक लागली म्हणाली. मी दुकानापाशी थांबून दोन भाताचे गोळे आणि गरम चहा घेतला.

"चांगली ठसठशीत मारली फुली," ती खाता खाता म्हणाली. "पेन्सिल मोडेल इतकी दाबून."

"शाब्बास."

"आणि बाकीच्या पाचांना गोल दिला."

मी भाताचा गोळा खाली ठेवला.

"गोल?"

"मग काय! त्यांनी माझं काय वाकडं केलंय? उगाच कोरं ठेवायचं म्हणजे बरं नाही दिसत. आयुष्यात कुणापुढे रिकामं ताट ठेवलं नाही मी. प्रत्येकाच्या नावावर नीट गोल काढला, शाळेत बाई बरोबर उत्तराला देतात तसा. अंदाजानं काढले, पण रकान्यातच बसले असतील."

त्या चिठ्ठीवर फुलीशिवाय दुसरं काहीही चालत नाही. गोल नाही, टिंब नाही, एक अक्षरही नाही. असलं काही दिसलं की चिठ्ठी बाद. चिठ्ठीवरच छापलेलं असतं ते, आडोशात भिंतीवरही चिकटवलेलं असतं, बारीक अक्षरांत. फुली कितीही दाबून मारलेली असो, त्या पाच गोलांनी ती खाल्ली होती.

पेटीत गेलेली चिठ्ठी परत निघत नाही. हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

"काय रे?" मियोनं विचारलं. "गप्प का झालास? चुकलं का काही?"

वायपर काचेवरचा बर्फ लोटत होता. मी समोर रस्त्याकडे पाहत राहिलो.

"छे," मी म्हणालो. "बरं केलंस. पाचांना काय वाटलं असतं."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली, आणि उरलेला चहा तिनं मला दिला.

घरी पोचेपर्यंत ती झोपून गेली. तिच्या दारातला बर्फ काढता काढता मला रडू आलं. कुणाचा राग करावा तेच कळेना. त्सुचिदाचा करावा तर तो वाकून नमस्कार करणारा. तिचा करावा तर कुठल्या तोंडानं? न्यायाधीशाचा करायला गेलो, तर डोळ्यांसमोर त्याचा तो साधा हसरा चेहराच आला.

सोमवारी तिची भाची तिला घेऊन गेली. डॉक्टरांनी पोट उघडून पाहिलं आणि तसंच शिवून टाकलं. निकाल छापून आला त्या दिवशी मी भेटायला गेलो, तेव्हा भाचीनं मला हे दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. मियोला कुणी सांगितलं नव्हतं, पण तिचं तोंड पाहून मला वाटलं की तिला सांगायची गरज नाही. हाताला सुई लावलेली होती, आणि त्या हातात वर्तमानपत्र.

"सगळे राहिले," ती म्हणाली. "सहाच्या सहा."

"दरवेळी राहतात."

"ते माहीतय रे. आपल्या गावात त्याला किती फुल्या पडल्या? यात नाही छापलेलं."

हे ती विचारणार, हे मी धरूनच चाललो होतो. सकाळीच त्सुचिदाला फोन करून विचारून घेतलं होतं. बाद किती झाल्या तेही त्यानं मी न विचारता सांगितलं होतं. ते मी घरीच ठेवून आलो.

"एकशे बारा," मी म्हणालो.

"एकशे बारा?" ती उशीवरून थोडी वर झाली. "खरंच? मला वाटलं होतं, माझी एकटीचीच असेल." मग पुन्हा टेकली. "एकशे बारा माणसं. त्यातली एक माझी."

"हो. त्यातली एक तुझी."

माझी एक फुली होती त्यात. तीच तिला देऊन टाकली.

ती छताकडे पाहत होती. ओठ हलत होते, बहुधा शुहेइला आकडा सांगत असावी. मला तिथं नुसतं बसवेना. टेबलावरचं सफरचंद आणि सुरी घेतली आणि सोलायला लागलो. साल सारखी तुटत होती.

"जाड काढतोयस," मियो डोळे मिटूनच म्हणाली. "इकडे आण."

सुई लावलेला हात तिनं पुढे केला. मी सुरी दिली नाही, नुसतं सफरचंद तिच्या तळव्यावर ठेवलं. तिनं ते चाचपून पाहिलं, जिथं जास्त गेलं होतं तिथं अंगठा फिरवला, आणि म्हणाली, "राहू दे. खाता येईल."