रिकामी खाच

"हिच्या शेजारी मी कुठे आहे?" बर्फबाईंनी तपासणीचा फोटो उजेडात धरून, त्यातल्या पट्टीवर बोट ठेवून विचारलं.

चिमणी मान खाली घालून नळ्या आवरू लागली. एरवी तिच्या तोंडाला क्षणाची उसंत नसे, म्हणून तर प्रयोगशाळेत तिला हे नाव पडलं होतं. बर्फबाईंचं नाव त्याहून जुनं. एन्झाइमची कुपी कुणी बर्फाबाहेर ठेवलेली दिसली, की या शांत बाईंचा पारा चढायचा.

"मॅडम, ते दोघं सकाळपासून बाहेर बसलेत. डॉक्टरांचे दोनदा फोन आले. म्हटलं, एकच तर नमुना आहे..."

"म्हणून मला वगळलंस?"

"आजच्या दिवस, मॅडम."

फोटोत एकच पट्टी होती, वर, अखंड. अहवालावर चिमणीने लिहूनही टाकलं होतं: गर्भ आजारी. तेवढी सही राहिली होती.

रक्ताचा तो आजार एका अक्षराच्या चुकीने होतो. माणसाच्या डीएनएत त्या जागी काही अक्षरं ठरलेल्या क्रमाने येतात. एन्झाइम म्हणजे कात्रीच. ती हा क्रम ओळखते आणि नेमकं तिथेच कापते. निरोगी माणसाच्या डीएनएच्या त्या तुकड्याचे असे दोन भाग होतात, आणि जेलच्या मऊ, पारदर्शक वडीतून सरकत गेल्यावर खाली दोन लहान पट्ट्या दिसतात. आजाऱ्यात एक अक्षर बदललेलं असतं. कात्रीला जागा ओळखू येत नाही, तुकडा अख्खा राहतो. एका पालकाकडून चांगलं आणि दुसऱ्याकडून बिघडलेलं मिळालं, तर तिन्ही पट्ट्या दिसतात, तो वाहक. वाहकाला स्वतःला काही होत नाही. बर्फबाई वाहक होत्या आणि साठी जवळ आली तरी जिन्याने चार मजले चढत होत्या. प्रत्येक जेलच्या कडेला नमुने भरायच्या खाचा असत; त्यातल्या पहिल्या खाचेत त्या स्वतःचाच नमुना भरायला लावत. "मॅडम जातीने हजर!" अशी थट्टा चालायची.

"तुकडा अख्खा राहिला. म्हणजे काय?"

"आजारी."

"किंवा?"

चिमणीचा चेहरा उतरला. "किंवा... कात्रीच मेलेली. तुमची खाच भरली असती तर कळलं असतं."

"कुपी बर्फात होती?"

"फोन घ्यायला गेले तेव्हा... टेबलावरच राहिली बहुतेक."

बाई रागावल्या नाहीत. त्यामुळेच चिमणीला जास्त भीती वाटली. "नवी कुपी काढ," एवढंच म्हणून त्या बाहेर गेल्या.

बाकावर ते जोडपं अंग चोरून बसलं होतं.

"पुन्हा करून बघतेय. पाच वाजतील."

"वाईट काही आहे का हो?" बायकोने विचारलं.

"अजून काहीच नाही. खात्री करू द्या मला."

"पण मग नक्की कळेल ना, मॅडम?" तिचा नवरा म्हणाला. "नक्की?"

बाई मान हलवून आत वळल्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्याही नवऱ्याने हेच विचारलं होतं. थोरला मुलगा सहाव्या वर्षी त्याच आजाराने गेलेला. दुसऱ्या वेळी पोटातल्या बाळाची तपासणी बाईंनी स्वतःच केली. दुसऱ्या कुणाच्या हातावर भरवसा नव्हता. एकच खाच भरली, बाकी रिकाम्या ठेवल्या. पट्टी आली एकच, वर, अखंड. "नक्की ना गं?" नवरा म्हणाला. "पट्टी खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी गर्भपात उरकला.

तीन आठवड्यांची रजा संपवून परतल्या, तर प्रयोगशाळेत गोंधळ. कुणाचाच तुकडा कापला जात नव्हता. फ्रीझर आतून बिघडला होता, कात्री मेली होती. कधी मेली, ते कुणालाच सांगता येईना.

बाळाच्या नमुन्याचे चार थेंब उरले होते. नव्या एन्झाइमने एका दिवसात निकाल लागला असता. बाईंनी ते केलं नाही. नवरा "आपल्या नशिबात नव्हतं" म्हणत जन्मभर त्यांचीच समजूत घालत राहिला आणि गेल्या वर्षी गेला. त्याला त्यांनी फ्रीझरचं कधी सांगितलं नाही. तीनदा फ्रीझर बदलले. तिन्ही वेळा त्या चार थेंबांची कुपी त्यांनी स्वतःच्या हाताने बर्फातून नेली. आता महिनाअखेर निवृत्ती होती, आणि जुन्या, नोंद नसलेल्या कुप्या फेकायची सूचना दारावर लागली होती.

"किती नळ्या मांडल्यास?"

"दोन. तुम्ही आणि बाहेरचे."

"तिसरी मांड."

"ती कुणाची?"

"जुनी आहे एक." त्यांनी खालच्या कप्प्यात, अगदी मागे हात घातला.

पाचाला दहा कमी असताना चिमणीने जेलखालचा दिवा लावला आणि ती किंचाळलीच. "मॅडम, कापलं! बाहेरच्यांचं कापलं! दोनच पट्ट्या, स्वच्छ! देवा रे, मी काय करून बसले असते..." तिचे डोळे भरून आले. मग नाक पुसत ती तिसऱ्या खाचेखाली वाकली. "आणि ही तुमची जुनी... अगं बाई! तिन्ही पट्ट्या. हुबेहूब तुमच्यावर गेलंय की हो हे!" हसत हसतच तिने वही ओढली. "नाव काय लिहू?"

बाई काचेतून त्या तीन पट्ट्यांकडे बघत होत्या.

"नाव ठेवलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

चिमणीचं हसू तोंडातच राहिलं.

"जा, त्यांना सांग," बाई म्हणाल्या. "तूच सांग. ताटकळलेत बिचारे."

दार लोटलं गेलं. बाहेरून एकदम ऐकू आलं त्या पोटुशी मुलीचं हुंदके देत हसणं, आणि तिच्या नवऱ्याचं "खरंच? खरंच ना?"

बाईंनी वही पुढ्यात घेतली. नावाचा रकाना सोडला. निकालात लिहिलं: वाहक. वाहकाच्या निकालापुढे एक ठरलेलं वाक्य लिहायचा नियम होता; इतक्या वर्षांत त्यांनी तो कधी मोडला नव्हता. त्यांनी लिहिलं: मूल सर्वसामान्य आयुष्य जगेल. खाली सही केली, तारीख घातली.

मग बर्फातली एन्झाइमची कुपी पुसून फ्रीझरमध्ये ठेवली, दार लावलं, आणि ते नीट लागलंय ना, म्हणून दोनदा ओढून पाहिलं.