बाटलीबाहेरचे पाणी

चाळीस अंक सावकाश मोजले की माझ्या बुडाच्या सांध्यातून एक थेंब पडे. मग पुन्हा चाळीस. मित्रांनो, दीड दिवस मी ते थेंब मोजत होतो. इतका मी कधीच घाबरलो नव्हतो.

मी कचेरीच्या अंगणातला जुना पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजणारे भांडे. वर नरसाळे, आत बाटली, बाहेर पत्र्याचा डबा. रोज सकाळी बाटलीतले पाणी काचेच्या मापात ओतून मोजतात. बाटलीत साठ मिलिमीटर मावतात. त्याहून जास्त पाऊस झाला, तर उरलेले पाणी डब्यात साठते. तेही मोजायचे असते.

नवा होतो तेव्हा शाळेची मुले रांगेने मला पाहायला येत. पुढे रंग उडाला, सांधा गंजला, कुणी लक्ष दिले नाही. माझी नोंद ठेवणाऱ्या कारकुनाला सगळे आकडेबुवा म्हणत. माणूस वक्तशीर. पण त्याच्या बारा वर्षांत बाटली कधी भरून वाहिलीच नव्हती.

त्या पावसात ती वाहिली. सकाळी त्याने सवयीने बाटली उचलली, मोजली, ‘साठ’ लिहिले आणि झाकण लावले. डब्यात चौदा मिलिमीटर तसेच राहिले. मला तोंड आहे, पण ते फक्त आभाळाकडे, सांगणार कसे?

एका दिवसात निदान पासष्ट पडला, तरच बुडालेल्या शेतांना सरकारी मदत मिळणार होती.

दुपारी त्याची वहिनी आली. गुडघ्यापर्यंत चिखल. तिचा सगळा मका आडवा झाला होता.

“भाऊजी, आमच्या शेतात होडी चालेल, आणि तुमच्या डब्यात साठच?”

“वहिनी, डबा काय माझ्या सासुरवाडीचा आहे? पडलं तेवढं लिहिलं.”

“मग यंदा बियाण्याऐवजी तुमचा आकडाच पेरते!”

दुसऱ्या सकाळी आकाश कोरडे होते. त्याने बाटली उचलली आणि खालचे पाणी त्याला दिसले. चेहरा पांढराफटक पडला. “आता सांगितलं तर म्हणतील, वहिनीसाठी वाढवलं,” तो पुटपुटला आणि झाकण बंद केले. त्यानंतर तो चार वेळा माझ्यापाशी येऊन परत गेला. तो गप्प, आणि मी गळत होतो. दिवसाला पाच मिलिमीटर!

मित्रांनो, भांडे रिकामे म्हणण्याआधी तळाशी हात घालून पाहत जा. आणि आमच्या सांध्यांना वेळेवर डाख लावून गळती बुजवत जा.

चार वाजता मदतीची यादी करणाऱ्या मॅडम आल्या. ओसरीवर, माझ्या शेजारीच टेबल मांडले. वहिनी पायरीशी उभी होती. माझ्या डब्यात आता सात मिलिमीटरही उरले नव्हते. पाचाच्या खाली गेले, की खरे बोलूनही उपयोग नव्हता.

“साठ. म्हणजे हे गाव बसत नाही,” मॅडमनी पेनाचे टोपण काढले. “नाव खोडते. काय आकडेबुवा, काही सांगायचंय?”

त्याने वहिनीकडे पाहिले. मग माझ्याकडे.

“खोडू नका, मॅडम. साठ चुकीचं आहे. डब्यातलं पाणी मोजायचं मी विसरलो. ही माझी सख्खी वहिनी आहे, लोक बोलणारच. म्हणून माप तुम्ही धरा, मी ओततो.”