बिनप्लगच्या टाकीतला विषाणू

साहेब, मारलंत तुम्ही, आणि अहवालात लिहिलंत की मेलेलेच दुबळे होते. हे मी खपवून घेणार नाही.

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना विषाणू आहे. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, द्रव नायट्रोजनच्या टाकीत, बोटाच्या पेराएवढ्या कुपीत राहतो. माझ्या घराण्यानं जगाला एड्स दिला. आमचं नाव काढलं की लोक हात धुतात. धुवा की! पण आधी माझी गोष्ट ऐका.

मला घडवलं पूर्णिमाताईंनी. त्या हुपरीच्या, घरी चांदीच्या पैंजणांचं काम. त्यांनी आधी माझं वाढायचं बळ काढून घेतलं, आजार करणारं सगळं कापून टाकलं. माझ्याकडे एकच कसब ठेवलं, पेशीत शिरायचं आणि हातातला निरोप तिथं ठेवायचा. निरोप त्यांनी नवा लिहिला. पण तो द्यायचा कुणाला? रक्तात पांढऱ्या पेशी नाना जातीच्या, आणि मला जायचं होतं फक्त टी पेशींकडे. माझी आधीची भावंडं दिसेल त्याला चिकटायची, यकृतालासुद्धा. ताई वैतागून म्हणायच्या, "पैंजणाचा फासा वाटेल तिथं अडकायला लागला तर त्यो फासा न्हाय, बाभळीचा काटा हाय." मग त्यांनी माझ्या अंगावरची जुनी आकडी काढली आणि टी पेशीवरच्या एकाच खुणेत बसेल अशी नवी घडवली. मोडली, पुन्हा घडवली. त्यात वर्षं गेली.

हे सगळं शांभवीसारख्यांसाठी. शांभवी आठवीतली पोर, कर्नाटकच्या सीमेलगतच्या गावची. तिच्या बी नावाच्या पेशी बिथरल्या होत्या आणि तिच्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर मारा करत होत्या. माझा निरोप मिळाला की टी पेशी त्या बी पेशींना हुडकून संपवणार, असा बेत होता. आधी प्राण्यांवर चाचणी, मग मोठ्या इस्पितळात माणसांवर. त्याच्याही आधी काचेवर तपासून बघायला शांभवीनं आपलं रक्त दिलं, तेव्हा तिची आज्जी शांतव्वा भडकली.

"यव्वा! एड्सचा जंतू माझ्या नातीच्या अंगात घालणार? डोस्कं फिरलंय का तुझं?"

"आज्जी, त्याचं विष काढलंय. वाट तेवढी ठावं हाय त्याला, आपल्याला तेवढीच पायजे."

"मग सांग त्याला, पोरीला जिना चढू दे म्हणावं. मी त्याला नारळ फोडीन!"

रक्ताच्या थेंबात मला सोडलं. मी जिथं शिरीन ती पेशी हिरवी चमकेल, अशी सोय ताईंनी केली होती. शांभवीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"अय्या, ठिपके चमकायलेत की! हे माझेच?"

"तुझेच. टी पेशी."

"आणि न्हाय चमकत ते?"

"ते पण तुझेच. त्यांच्या वाटंला ह्यो जात न्हाय."

मित्रांनो, विषाणूला कुणी शाबासकी देत नाही. मला त्या दिवशी मिळाली.

हुपरीत नव्या घडणीचा पहिला नग विकत नाहीत, नमुना म्हणून बाजूला ठेवतात. ताईंनी तेच केलं. माझी भावंडं मोठ्या फ्रीझरमध्ये गेली आणि मी नमुना म्हणून या टाकीत. ही टाकी ताईंचा भाऊ अमरसिंह, जनावरांचा डॉक्टर, त्याची. आधी हिच्यात वळूंचं बीज असायचं. हिला वीज लागत नाही, वरचेवर नायट्रोजन भरला की झालं. सगळे मला हसले, "वळूच्या जागी विषाणू आला!"

मग आली खंडेनवमी. ताई घरच्या ऐरणीच्या पूजेला हुपरीला गेल्या आणि इकडं प्रयोगशाळेच्या मोठ्या साहेबांनी फर्मान सोडलं, "आज यंत्रांना विश्रांती. सगळे प्लग काढा."

शिपाई गुंडू म्हणाला, "सायेब, ह्यो मोठा फ्रीझर बी?"

"सगळे म्हणजे सगळे. देवाला हाफ डे नसतो, गुंडू."

प्लग निघाला. फ्रीझर ओरडायला लागला, बीप बीप. साहेब म्हणाले, "आरतीत ही कटकट नको," आणि ती बंद केली. दार सताड उघडून आतून-बाहेरून पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. माझी भावंडं हाराखाली वितळत होती, आणि रात्रभर वितळून राहिलो की आम्ही संपलो. माझ्या टाकीला प्लगच नव्हता म्हणून मी वाचलो. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं वाटून झाल्यावर गुंडूनं प्लग पुन्हा लावला. सगळं पुन्हा गोठलं. वरून बघणाऱ्याला काय कळणार?

पुढच्या चाचणीत भावंडं निपचित. एकही पेशी चमकली नाही. ताईंनी फ्रीझर उघडला, तर तळाशी पाणी गोठून त्याची लादी झालेली, तिच्यात झेंडूची पाकळी. त्या थेट साहेबांकडं गेल्या.

"प्लग कोणी काढला, सर?"

"पूजेचा विषय काढू नका, पूर्णिमा. लोकांच्या भावना दुखावतील."

"पोरीची मूत्रपिंडं दुखायलीत, त्याचं काय?"

साहेब अहवाल लिहायला बसले. त्यात लिहिलं: रचना सदोष, काम बंद, उरलेला नमुना वाफेत घालून नष्ट करा. उरलेला नमुना म्हणजे मी. मी गेलो की साहेबांचं खोटं खरं ठरणार, आणि शांभवीची वाट बंद.

आत्ता गुंडू चिमटा घेऊन उभा आहे आणि ताई टाकीच्या झाकणावर हात ठेवून बसल्या आहेत. "टाकी माझ्या भावाची हाय. आधी ह्याची तपासणी, मग वाफेचं बघू." गुंडूनं चिमटा खाली ठेवला. "मॅडम, मी बी सांगतो की, प्लग मीच काढलाय. कुणी सांगितलं ते बी सांगतो."

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा. पण ज्याच्यावर कुणाचा जीव टांगलाय, त्याचं काम थांबवून त्याला हार घालू नका. जपणं म्हणजे हळदकुंकू नव्हे.

आणि साहेब, तुम्ही. मला शांभवीच्या रक्ताच्या एका थेंबात सोडा. नाही चमकलो तर खुशाल वाफेत घाला, मी हूं की चूं करणार नाही. पण चमकलो तर? गुंडूकडं बघू नका, छताकडं बघू नका, शांतव्वा दारात उभी आहे तिच्याकडं बघून बोला. एक थेंब तपासायला तुम्ही एवढे का घाबरताय?