घोटभर ऊन

"काय गं म्हातारे, भरदिवसा तुला एवढी झोप येतेच कशी?"

मित्रांनो, घराकडच्या चढावर मी बंद पडले, तेव्हा भिंगरीनं सगळ्यांच्या देखत मला हे विचारलं. गाडीशी बोलून दाखव, अशी मैत्रिणींनी पैजच लावली होती. त्या खो खो हसल्या. मला मात्र उत्तर द्यावंसं फार वाटलं.

मी एक जुनी तीनचाकी आहे. माझं निळंकाळं छप्पर ऊन पितं आणि मी चालते. माझी पहिली मालकीण भिंगरीची आत्या. तिचेही पाय भिंगरीसारखेच, साथ न देणारे. शिवलेले कपडे पोचवत ती गावभर हिंडायची, आणि थांबली की मला उन्हात उभी करायची. दुपारी रस्ते निजायचे. मी घोट घोट ऊन पीत राहायचे. संध्याकाळी आम्ही दोघी जणू तरंगतच घरी यायचो. "आत्याबाईंचं विमान आलं!" लोक म्हणायचे.

आत्या थकली आणि तिनं मला भाचीला दिलं.

इथे माझे लाडच लाड! "उन्हात तापेल बिचारी," म्हणत बाबांनी मला पडवीत ठेवलं. आईनं जाडजूड खोळ शिवली. शाळेतही मी झाडाखाली, खोळ पांघरून. माया उतू जात होती, मित्रांनो, पण पोट रिकामं होतं. रोज चढावर माझं अवसान गळायचं आणि बाबा मागून ढकलायचे. "हिच्या भरवशावर पोरीला एकटी कशी सोडू?" ते म्हणायचे.

पैजेच्या दुसऱ्या दिवशी आईनं खोळ धुवायला काढली. शाळेत झाडाखाली सायकलींची दाटी, म्हणून मी दिवसभर उघड्या मैदानात. अहाहा! डोळे मिटले तर आत्याच्या शिलाई मशीनची टकटक ऐकू येऊ लागली.

शाळा सुटली. भिंगरीनं छपराला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग तिला माझा हिरवा दिवा दिसला. इतके दिवस तो लालच असायचा.

"अगं बाई! तू झोपाळू कुठली? तू तर उपाशी होतीस!"

आम्हाला जरूर जपा, मित्रांनो. फक्त झाकून ठेवू नका.

चढ आला. बाबांनी सवयीनं हात पुढे केले.

"बाबा, हात मागे!"

आणि आम्ही सुसाट वर! "म्हातारी उडाली गं!" मैत्रिणी ओरडल्या. बाबा धापा टाकत मागून आले. आई वाळलेली खोळ घेऊन दारातच उभी होती. भिंगरीनं ती घेतली, नीट घडी घातली आणि परत आईच्या हातात दिली.

"आई, बाबा, ऐका. ही आजपासून अंगणात, उन्हात राहणार. आणि उद्यापासून शाळेत आम्ही दोघीच जाणार. बाबा, तुम्ही निवांत चहा प्या!"