आगीच्या टायमाले वारलूभाऊ कुठी होते

वारलूभाऊले फॉरेस्टवाल्यायनं धानोऱ्याले नेलं, तवा माह्या बापानं का केलं असन? डोळे मिटून प्रार्थनेले बसला.

"बाबा, उठा ना! तुमाले माहीत हाय, त्या बुढ्यानं आग नाई लावली."

"रिना, गप बस."

आमच्या गावात मोहाचं एकेक झाड एकेका घराचं. कागदावर नाई, पन सगळ्यायले ठाऊक. फुलं वेचाले सोपं जावं म्हून लोक झाडाखालचा पाला जाळतेत. मंग जंगल पेटलं, का ज्याचं झाड त्याचं पाप. रविवारी सकाळी वारलूभाऊच्या झाडाखालून आग निंगाली अना टेकडीवर चढली. गार्डनं पुढं काई इचारलंच नाई.

पन त्या टायमाले वारलूभाऊ आमच्या घरी होते. त्यायच्या बायकोचा, रुखमाबाईचा ताप उतरून नाई राह्यला, म्हून तिले घेऊन मागच्या दारानं प्रार्थनेले आले होते. आमी गावातले ख्रिस्ती. आमच्या प्रार्थनेत जो बसन, त्याच्यासंगं गावाचं बोलनं बंद, पानी बंद. म्हून वारलूभाऊ तिकडं तोंड शिवून बसले.

अना माहा बाप, पत्रू पास्टर! सरकार देवानं ठेवलं, त्याचं ऐकाचं, हे त्याचं पालुपद. हेल्मेट नसन तर दुसऱ्याच्या गाडीवर बसत नाई. मी शाळा सोडली, तर हा मास्तरची माफी मांगून आला.

"सरकारचं ऐका तुमी," मी म्हटलं. "तुमी गप हाय म्हून तो आत हाय."

बाबानं डोळे उघडले. मंग उठून सदरा घातला.

"पह्यले रुखमाबाईले इचारतो. तिच्या घरची गोष्ट तिले न इचारता चव्हाट्यावर नाई नेनार."

रुखमाबाई खाटेवर पडून होती. बाबाचं आयकून म्हने, "पत्रूभाऊ, गावानं पानी बंद केलं तर नाल्याचं पिऊ. मानूस घरी आना."

धानोऱ्याच्या रस्त्यानं सायकल मी हाकली, बाबा मागं.

"तिथी तोंड उघडशीन तर आत्ताच उतर," बाबा म्हने.

"अना तुमी नाई उघडलं तर?"

"तर तू उघड."

हापिसाच्या दारात बाबानं चप्पल काढली, हात जोडले. माहं डोस्कं तापलं.

"साहेब, आगीच्या टायमाले वारलू माह्या घरी होता."

गार्ड हासला. "घ्या! आता येशू बी गवाही देते!"

साहेबानं त्याले हातानंच चूप केलं. "काय करत होता तुमच्याकडे?"

"बायकोसाठी प्रार्थना."

"अहो पास्टर, हे बाहेर गेलं तर लोक म्हणतील, धर्म बदलायला बोलावलं. उद्या पोलीस तुम्हालाच नेतील. घरी जा. मी काही ऐकलंच नाही."

मले वाटलं, आता बाप मान हालवते अना वापस फिरते. आदेशच होता ना साहेबाचा!

"नेतीन तर जाईन, साहेब. पळनार नाई. तुमचा कायदा मानतो म्हूनच इथी आलो. पन बेकसूर मानूस आत टाकून राह्यले तुमी, ते चुकीचं हाय. माहा बयान घ्या."

"चाल, बाहेर निंग!" गार्डनं बाबाचा खांदा धरून लोटलं. मी पुढं धावली, तर बाबानं माहं मनगट पकडलं अना दारातच खाली बसला. मले बी बसवलं.

"बयान घेतल्याबिगर नाई उठनार, साहेब."

आतल्या खोलीतून खोकल्याचा आवाज आला. वारलूभाऊ भिंतीले धरून दाराशी आले.

"मी तिथीच होतो, साहेब. पत्रू खरं सांगते."

"मंग सकाळपासून मुका काऊन होता बे?" गार्ड ओरडला.

"गावाले भेत होतो."

साहेबानं कपाळ चोळलं, पेन उचलला. दोघायचाही बयान झाला. रुखमाबाईले इचाराले उद्या मानूस पाठवतो म्हने, अना वारलूभाऊले घरी सोडलं. बाबाचं नाव, गाव, फोन सगळं लिहून ठेवलं.

सायकल हाती धरून आमी तिघं पायी गावाजवळ पोचलो तवा चावडीपुढं मानसं जमलेली दिसली. वारलूभाऊ प्रार्थनेले बसल्याची खबर आमच्या आधीच आली होती. वारलूभाऊचे पाय थबकले.

"मागच्या रस्त्यानं जाऊ का?" मी इचारलं.

"नाई," बाबा म्हने. "तिथी जे सांगतलं, तेच इथी सांगाचं."

वारलूभाऊनं दुपट्टा डोक्याले बांधला अना आमच्या दोघायच्या पुढं चालाले लागले.