काजळ्यानं न खाल्लेली भाकर

"जड बगून दे रं दादा. हलकं भांडं कुत्रं लोटत लोटत वावरभर नेतंय."

पाचोडच्या बाजारात फार वर्षांपूर्वी ऐकलेला हा आवाज बानाबाईचा. भांडीवाला हसला.

"कुत्र्याला नवं भांडं? मावशे, फुटक्या मडक्यात घालावं की."

"फुटक्यात उकिरड्यावरचं खातंय. आमचं राखणीचं हाये. तुह्या ह्या दुकानावर बसवलं ना, तर तुलाबी आत यिऊ द्यायचं नाय!"

आजूबाजूचे लोक खदखदून हसले आणि मी तिच्या पिशवीत पडलो. मित्रांनो, तोच मी. आता जुना झालो आहे, कडेला चेमटलेला जर्मलचा वाडगा. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मल म्हणतात. माझ्यावर एक आळ आहे. माझ्यात वाढलेली भाकर समोर असताना एक कुत्रा उपाशी राहिला आणि त्यातच गेला. त्यानं ती का खाल्ली नाही, हे सांगू शकणारा माणूस होता. त्यानं अकरा वर्षं तोंड उघडलं नाही. म्हणून माझ्या बोलण्यात गोडवा शोधू नका.

बानाबाईचा नवरा बिभीषण. त्यांचा मेंढरांचा कळप होता, दोन घोडी होती, आणि बिऱ्हाड त्या घोड्यांच्या पाठीवर. पावसाळ्यात पिशोरच्या डोंगराकडं, सुगी झाली की पैठणच्या अंगाला. काजळ्या हा त्यांचा राखणीचा कुत्रा. डोळ्यांभोवती काळं, जणू आईनं काजळ घालताना हात घसरला होता. संध्याकाळी बानाबाई भाकर कुस्करून माझ्यात ताक ओतायची आणि तिच्या ओठांवर ओवी यायची,

काजळ्याला काळं म्हणू नका, काळा मेंढराचा राखा,
उपाशी तो निजला तर, घास माझा जातो फुका.

काजळ्याची जीभ माझ्या तळाशी फिरायची तेव्हा मला गुदगुल्या व्हायच्या. तेवढंच माझं सुख.

बिभीषणाला दोन लेकरं. धाकटा अजिनाथ बापाबरोबर मेंढरांमागं रानात जायचा. थोरली शालू माझ्यासारखीच बिऱ्हाडावर. कोकरं सांभाळायची, सरपण आणायची, आणि काजळ्याकडं तासन् तास बघत बसायची. त्याचा कान का हलला, तो बसण्याआधी का फिरला, सगळं विचारायची. पुढं ती शहरात वसतिगृहात राहून शिकली. शिकता शिकता कुत्र्यांच्या मनाचा अभ्यास करणारी शास्त्रज्ञ झाली.

"कुत्र्यावर साळा?" बिभीषण म्हणाला होता. "मंग बकरीवर कालेज आसंल!"

बापलेकीत तेव्हापासूनच काटा होता.

तिचं काम मला फार नंतर कळलं. दोन वाडगे मांडायचे. एकात खाणं, दुसरा रिकामा, दोन्हींवर पुठ्ठा. मग खाणं असलेल्या वाडग्याकडं बोट दाखवायचं आणि कुत्रा कुठं जातो ते लिहायचं. गुलमंडीतली, सिडकोतली गल्लीबोळातली कुत्री, कुणी न शिकवलेली, ती तिच्या बोटाकडं बघून बरोबर वाडगा उघडायची. तिचं नाव झालं. मोठमोठे लोक तिला पत्रं पाठवू लागले. मग तिला वाटलं, गल्लीतल्या कुत्र्यांना एवढं कळतं, तर आपल्या काजळ्याला किती कळत असेल! ती कुत्रा न्यायला बिऱ्हाडावर आली.

"आठ दिस," बिभीषण म्हणाला. "नववा दिस नाय."

ओळखीच्या भांड्यात खाईल म्हणून बानाबाईनं मलाही बरोबर दिलं.

पडेगावच्या बाजूला एका संशोधन संस्थेच्या मागं जाळीची खोली होती. तिथला नियम असा, की प्रयोगातल्या कुत्र्याला शालूशिवाय कुणी खायला घालायचं नाही. पहिल्या दिवशी तिनं माझ्यात भाकर ठेवली, बोट दाखवलं. काजळ्या सरळ माझ्याकडं आला. मी मनात म्हटलं, शाब्बास! पण त्यानं नुसता वास घेतला, वळला, माझ्याकडं पाठ केली आणि बसला. तोंडातून लाळ गळत होती. मान वळवून मागं बघताना थेंब माझ्या कडेवर पडत होते. तरी बसला.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी तिनं पुठ्ठाबिठ्ठा काढून टाकला, गुडघ्यावर बसली आणि काकुळतीला आली. "खा रे राजा. हे बघ, इथं. इथं बघ ना!" तिचं बोट माझ्यावर रोखलेलं. काजळ्यानं तिच्याकडं पाहून शेपूट हलवली आणि आणखी ताठ बसला.

खोली झाडणाऱ्या वच्छलाबाई जवळ आल्या तर तो दात विचकून गुरगुरला.

"अगं बया! खाईना बी अन् कुणाला शिवू बी दीना. ताई, हा वाडगा टाका. ह्याच्यात काय तरी बसलंय."

त्यांनी मला राखेनं घासलं. शालूनं स्टीलची थाळी आणली, तिच्यात मटणाचा रस्सा घातला, थाळीकडं बोट दाखवलं. थाळीपाशीही तसाच बसला. पण आळ माझ्यावरच राहिला. जाता येता वच्छलाबाई मला पायानं सारायच्या. "अवदसा हाये मेली." आणि मी, ज्याच्या पोटात भाकर वाळून खडंग झाली होती, त्या बोटाचा द्वेष करू लागलो.

पाचव्या दिवशी डॉक्टर आले, सलाईन लावलं. सहाव्या दिवशी शालू त्याला टेम्पोत घालून बिऱ्हाडावर घेऊन आली. बानाबाईनं घास त्याच्या तोंडाशी नेला, पण गिळण्याचं बळ सरलं होतं. म्हातारं शरीर, त्यात उन्हाळा. सकाळ उजाडली आणि तो गेला.

काजळ्याला पुरून बिभीषणानं मातीचे हात झटकले आणि लेकीला एकच विचारलं, "कसं घालीत व्हतीस?"

शालूनं मला उचललं, जमिनीवर ठेवलं, बोट दाखवलं. "अशी, आबा. रोज."

बिभीषणाची नजर त्या बोटावर खिळली. अजिनाथ पुढं झाला. "आबा, हे तं..."

"गप!" बाप असा ओरडला, की मेंढरं एका अंगाला सरकली. मग शालूला म्हणाला, "चालती व्हय. पुन्ना ह्या बिऱ्हाडावर पाय ठिवू नको."

ती गेली. जाताना मला घेऊन गेली. पुढं तिनं आणखी तेरा मेंढपाळांची कुत्री तपासली. बिऱ्हाडावर जायची बंदी होती, म्हणून भावकीतल्या लोकांच्या बिऱ्हाडांवर गेली. सगळी तशीच बसली. तिनं निष्कर्ष लिहिला, की मेंढपाळांच्या कुत्र्यांना माणसाचा इशारा कळत नाही. पेपरात फोटोसकट बातमी आली. कुणीतरी ती बिभीषणाला वाचून दाखवली, तेव्हापासून तो बाजारात भेटेल त्याला सांगू लागला, "मही लेक कुत्री मारती अन् कागद छापती. लई हुशार हाये." बंदी असूनही शालू दिवाळीला आईला उभ्या उभ्या भेटायला यायची, तर हा काठी घेऊन रानात निघून जायचा. समोर आलाच, तर शिवी देऊन.

मी संस्थेतल्या कपाटावर पडून राहिलो. माझ्यात टाचण्या, रबरं, वाळलेली पेनं. ज्याच्यात ताक ओतलं जायचं, त्याच्यात आता धूळ होती. शालूला बक्षिसं मिळत, तेव्हा तिच्या खोलीत पेढे वाटले जात. ती माझ्याकडं बघायची नाही. मित्रांनो, मुका जीव परीक्षेत नापास झाला की आपण चटकन त्याच्या नावापुढं फुली मारतो. आपला प्रश्न त्याच्या भाषेत होता का, हे आधी बघत जा. भांड्याला विचारा, माणसाला विचारा, पण फुली मारायच्या आधी विचारा.

यंदा शालूनंच ते विचारायला घेतलं. तिच्या साऱ्या कामाचं मोठं पुस्तक छापायला चाललं होतं. जुन्या वह्या चाळताना ती थांबली. ज्याला कळत नाही तो कुत्रा कधी इकडं जाईल, कधी तिकडं. ही चौदाच्या चौदा कुत्री दर वेळी बरोबर वाडग्याशी गेली होती. गेली, आणि बसली. हे न कळणं नव्हे. मग काय होतं? पुस्तक छापखान्यात जायला आठ दिवस होते. तिनं टाचण्या टेबलावर ओतल्या, मला पदरानं पुसलं आणि पिशोरची वाट धरली.

बिऱ्हाड डोंगराच्या पायथ्याशी होतं. बिभीषण आता पाठीत वाकला होता, जीभ मात्र तशीच होती.

"आली का? कोन्चं कुत्रं मारायचं हाये यंदा?"

"आबा, मला एक विचारायचंय."

"मला काय इचारती? मी अडानी. तुह्या पुस्तकाला इचार."

चांदी नावाची पांढरी कुत्री तिथं उभी होती. शालूनं वाद घातला नाही. मला एका बाजूला ठेवलं, नवा स्टीलचा वाडगा दुसऱ्या बाजूला. माझ्यात भाकर टाकली आणि बोट दाखवलं. चांदी आली, हुंगलं, वळली, पाठ करून बसली. तिनं मान वळवून मागं बघितलं, तिची लाळ माझ्या कडेवर पडली आणि मला अकरा वर्षांपूर्वीचा तोच थेंब पडल्यासारखं झालं.

"बघा. हीपण. का बसते ही?"

"तिची मर्जी."

"मग नेते हिला आठ दिवस. कळेपर्यंत ठेवते."

बिभीषणाची काठी आडवी झाली. "एका जिवानं पोट नाय भरलं तुझं?"

"नाही भरलं!" शालूचा आवाज फाटला. "मी मारला म्हणता ना? मग कसा मारला ते सांगा. अकरा वर्षं नुसत्या शिव्या! भाकर नासली होती? वाडगा नासका होता? का माझाच हात नासका? तुम्ही सांगत नाही, म्हणून मी नेतेय."

चुलीपाशी बसलेली बानाबाई उठली. "अवं, काय म्हाईत आसंल तं बोला की. म्या बी त्याच वाडग्यात घालीत व्हते. मह्या बी काळजाला घोर हाये. अजिनाथ, तू तरी बोल."

अजिनाथनं मान खाली घातली. "आबानं शपथ घातलीया, माय."

शालूनं चांदीच्या गळ्यातल्या दोरीला हात घातला. चांदीनं गुरगुरून तिचा हात झटकला आणि पुन्हा माझ्यापाशी येऊन बसली. तशीच, पाठ करून. बिभीषण तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं काठी खाली टाकली आणि मातीत बसला.

"सोड तिला. ती हलायची नाय." त्यानं घसा खाकरला. "मेंढी रानात व्याली, का कोकरू तिथंच ठिवायचं. कुत्र्याम्होरं त्याच्यावर बोट रोखायचं, अन् कळपामागं निघून जायचं. बोट रोखलं, का त्यानं शिवायचं नाय अन् दुसऱ्याला शिवू द्यायचं नाय. धन्यानं यिऊन मांडीवर थाप मारंस्तोर. मह्या आज्ज्यापासून आमच्या भावकीत हीच खूण हाये. तू रोज बोट रोखीत व्हतीस. त्यो रोज राखीत व्हता."

शालूच्या हातातली वही खाली पडली. ती उचलायला कुणी वाकलं नाही.

"सहा दिवस," ती म्हणाली. "सहा दिवस तो भाकर राखत बसला? आणि तुम्हाला हे त्याच दिवशी कळलं?"

"तुझं बोट बगितलं तवाच."

"मग बोलला का नाहीत?"

बिभीषणानं तळहातानं तोंड पुसलं.

"काय तोंडानं बोलू? अजिनाथ सात वर्साचा झाला तवा त्याला खूण दिली. तू थोरली. तू बी मागं लागली व्हतीस, आबा, मला बी दावा म्हनून. म्या म्हनलो, पोरीला काय करायची, ती का मेंढरामागं जानार हाये? तुला शिवी हासडली, का घडीभर बरं वाटायचं, म्हून देत ऱ्हायलो. काजळ्याला तू नाय मारलं, शाले. तुला खूण दिली नाय त्यानं मारलं. म्या मारलं."